विवर्णता : संकल्पनेचा इतिहास

त्वचा, केस व डोळे यांना रंग देणारे कृष्णरंजक म्हणजेच मेलॅनीन शरीरात जन्मतःच मुळीच तयार न होणे किंवा फार अल्प प्रमाणात तयार होणे, या आनुवंशिक अवस्थेस विवर्णता असे म्हणतात. विवर्ण व्यक्तीची त्वचा गुलाबी-पांढरी, केस पांढरे ते फिकट पिवळे व परितारिका (बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा) निळसर किंवा करड्या रंगाची असते. प्रखर उजेड सहन न होणे, डोळे सतत आंदोलत राहणे (नेत्रदोल) व दृष्टी अधू असणे ही लक्षणे बहुधा सर्व प्रकारांत आढळतात. जगातील सर्व मानवसमूहांत ही अवस्था आढळते. तिचे सर्वसाधारण प्रमाण सतरा ते वीस हजार व्यक्तींत एक असे मानतात. मात्र काही लहान व एकाकी समूहांत ते याच्या कितीतरी पट असते.

मराठीत या अवस्थेला सर्वमान्य असा एकच लोकवाचक शब्द नाही. त्यामुळे ती दुसऱ्याच कोणत्यातरी नावाखाली, बहुधा ‘कोड’ या नावाखाली ओळखली गेली. वास्तविक कोड हा जन्मानंतर उद्‌भवणारा विकार असून त्यात त्वचेवर पांढरे चट्टे पडतात, कारण त्या जागेच्या रंजक-कोशिका नष्ट होतात. विवर्णतेत या कोशिका जागच्या जागी असतात, त्यांची संख्याही सामान्य असते. फक्त त्यांच्यात रंजक तयार होत नाही. कोकणस्थांसारख्या काही समाजांत आढळणारे घारे डोळे व गोरा वर्ण यांचाही विवर्णतेशी संबंध नाही. ते रंजकाच्या प्रमाणातील सामान्य भिन्नतेचे उदाहरण होय. हा भेद केवळ वैद्यकीय नाही. मुलाला कोणते नाव मिळाले, यावर त्याला शाळेत कोठे बसवले जाईल, पंगतीत घेतले जाईल की नाही आणि त्याच्या बहिणीचे लग्न ठरेल की नाही, हे पुष्कळदा अवलंबून राहत आले आहे.

प्राचीन भारतीय उल्लेख : इराणच्या राजदरबारी असलेला ग्रीक वैद्य क्टीझिअस याने इ. स. पू. सु. ४०० च्या सुमारास भारताविषयी लिहिलेला ग्रंथ आज फक्त गोषवाऱ्याच्या रूपाने उपलब्ध आहे. भारतीय लोक वर्णाने काळे असले, तरी आपण त्यांच्यापैकी दोन स्त्रिया व पाच पुरुष अगदी पांढरे पाहिले, असे त्याने नमूद केले आहे. क्टीझिअसच्या ग्रंथात अद्‌भुत कथांचा भरणा पुष्कळ आहे. पण ही आकडेवार नोंद ऐकीव वाटत नाही. रोमन लेखक प्लिनी यानेही कॉकेशसकडील अल्बानिया प्रांतात लहानपणापासूनच पांढऱ्या केसांचे व दिवसापेक्षा रात्री अधिक चांगले पाहणारे लोक असल्याचे लिहिले आहे. दिवसा डोळे दिपणे हे लक्षण अशा रीतीने फार पूर्वीच लोकांच्या ध्यानात आले होते.

आयुर्वेदाच्या ग्रंथांत स्वतंत्र रोग म्हणून विवर्णतेचे वर्णन नाही. तथापि तिच्या जवळ जाणारी दोन स्थळे महत्त्वाची आहेत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात लोकनिंदेस पात्र ठरणाऱ्या आठ प्रकारच्या शरीरांची यादी आहे. अतिदीर्घ, अतिऱ्हस्व, अतिलोम, अलोम, अतिकृष्ण, अतिगौर, अतिस्थूल व अतिकृश असे हे आठ होत. यांपैकी शेवटच्या दोहोंचे विवेचन चरकाने विस्ताराने केले आहे, कारण त्यांवर उपाय करता येतो. अतिगौराचा तो केवळ उल्लेख करतो. निंदा समाज करतो आणि वैद्य तिची नोंद घेतो, हे या यादीचे स्वरूप लक्षणीय आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भाचा वर्ण तेजोधातूमुळे ठरतो असे सांगून पुढे डोळ्यांचा विचार केला आहे : हे तेज दृष्टिभागापर्यंत पोहोचले नाही तर मूल जन्मांध होते, रक्ताशी मिळाले तर लाल डोळ्यांचे, पित्ताशी मिळाले तर पिंगट डोळ्यांचे व कफाशी मिळाले तर पांढऱ्या डोळ्यांचे होते. ही उपपत्ती आज ग्राह्य नाही. परंतु त्वचेचा वर्ण, डोळ्यांचा रंग व दृष्टी ही तिन्ही एकाच कारणाशी जोडलेली असावीत, ही त्यामागील कल्पना विवर्णतेच्या बाबतीत खरी ठरली आहे.

महाभारतातील पांडूची जन्मकथा सर्वपरिचित आहे. व्यासांचे उग्र रूप पाहून अंबालिका फिकी पडली, म्हणून तिला पांडुवर्णाचा पुत्र झाला, असे ती कथा सांगते. पांडू हा विवर्ण होता असे विधान आधुनिक काळात अधूनमधून केले जाते. त्याला कथेत पुरेसा आधार नाही, कारण पांडू हा समर्थ धनुर्धर व मृगयेचा व्यसनी म्हणून वर्णिलेला आहे. कथेचे महत्त्व वेगळ्याच कारणाने आहे. गर्भधारणेच्या वेळी मातेने जे पाहिले वा जे केले त्याचा ठसा संततीवर उमटतो, हा जगभर रूढ असलेला समज तीत स्पष्ट दिसतो. महाराष्ट्रात गर्भवती स्त्रीने ग्रहण पाळण्याची जी प्रथा आहे, तिच्या मुळाशीही हाच समज आहे. त्यामुळे मुलाच्या जन्मजात वैगुण्याचा दोष आपोआप आईच्या पदरी पडतो. मध्य अमेरिकेतील पनामाच्या किनाऱ्यावरील गुना जमातीत ग्रहणाचा संबंध अगदी उलट जोडलेला आढळतो. या जमातीत विवर्ण व्यक्तींचे प्रमाण मोठे असून, ग्रहणकाळी चंद्राला गिळणाऱ्या राक्षसावर बाण सोडण्याचा अधिकार त्यांनाच असल्याचे तेथील लोक मानतात.

पांढऱ्या प्राण्यांच्या वाट्याला मात्र भारतात व आग्नेय आशियात आदर आला. अजिंठ्याच्या दहाव्या व सतराव्या लेण्यांत षड्‌दंत जातकातील श्वेत गजराज रंगविलेला आहे. ब्रह्मदेशाचे राजे आपल्या बिरुदांत श्वेतगजांचे स्वामित्व मिरवीत. त्यांपैकी शेवटचा राजा थिबा याला १८८५ मध्ये ब्रिटिशांनी पदच्युत केले व पुढे रत्नागिरीस आणून ठेवले. तेथेच १९१६ मध्ये तो मरण पावला. हे ‘श्वेत’ हत्ती बहुधा फिकट तांबूस रंगाचे असत व त्यांतील सर्वच विवर्ण नसत. पूर्वीच्या रेवा संस्थानाच्या प्रदेशात १९५१ मध्ये पकडलेल्या ‘मोहन’ या वाघापासून वाढविलेले पांढरे वाघही काटेकोर अर्थाने विवर्ण नव्हेत, कारण त्यांच्या अंगावरील पट्टे काळसर राहतात. मात्र त्यांच्यातील पांढरेपणास कारणीभूत ठरणारा फेरबदल ज्या जीनमध्ये आहे, त्याच जीनमधील दुसऱ्या फेरबदलांमुळे माणसात विवर्णतेचा चौथा प्रकार उद्‌भवतो, असे २०१३ मध्ये दिसून आले.

यूरोपीय प्रवासी व शरीरविज्ञ : ‘अल्बिनो’ हा शब्द ‘पांढरा’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला असून, आफ्रिकेतील गौरवर्णी व्यक्तींच्या संदर्भात तो प्रथम सतराव्या शतकात बाल्ताझार तेलिश या पोर्तुगीज लेखकाने वापरला असे सांगतात. लायोनेल वेफर हा इंग्रज शस्त्रवैद्य १६८१ मध्ये पनामाच्या संयोगभूमीत गुना लोकांबरोबर राहिला होता. १६९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनात दिवसा मलूल असणाऱ्या व चांदण्या रात्री उत्साहाने हिंडणाऱ्या दुधासारख्या पांढऱ्या माणसांचे वर्णन आहे. त्यांचे आईबाप इतरांप्रमाणेच तांबूस वर्णाचे असतात, हेही त्याने नोंदविले. आनुवंशिकतेच्या दृष्टीने ही नोंद मोलाची होती. पण तिचा अर्थ लागण्यास दोनशे वर्षे जावी लागली.

पॅरिसमध्ये १७४४ साली आणलेल्या एका कृष्णवर्णीय मातापित्यांच्या विवर्ण मुलामुळे मोठी चर्चा झाली. व्हॉल्तेअरने अशा माणसांची वेगळीच जात कल्पिली. गणितज्ञ मोपेर्त्युई याने मात्र हा गुण पूर्वजांकडून येऊन काही पिढ्या दडून राहू शकतो, असे अनुमान केले. दोघांपैकी व्हॉल्तेअरची कीर्ती मोठी, पण अनुमान मोपेर्त्युईचे खरे निघाले. १७८४ मध्ये मिलानचा शस्त्रवैद्य फ्रांचेस्को बुत्सी याने एका विवर्ण व्यक्तीच्या डोळ्यांचे विच्छेदन करून त्यांत रंजक नसल्याचे दाखविले. जर्मनीत जॉर्ज टोबियास लूडविख झाक्स याने १८१२ साली वैद्यकीय पदवीसाठी लिहिलेल्या प्रबंधाचा विषय तो स्वतः व त्याची बहीण हाच होता, कारण दोघेही विवर्ण होते. तोपर्यंत विवर्ण व्यक्तींविषयी इतरांनीच लिहिले होते. येथे अशा व्यक्तीने स्वतः लेखणी हाती घेतली.

भारताविषयीचा या काळातील एक उल्लेख अस्वस्थ करणारा आहे. दक्षिण भारतात दीर्घकाळ राहिलेले फ्रेंच धर्मप्रचारक अबे द्यूबुआ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात अशा पांढऱ्या माणसांचे वर्णन केले आहे. त्यांना उन्हात पाहवत नाही, हे सांगून लोक या अवस्थेस एक प्रकारचे कुष्ठ समजतात, असे ते लिहितात. या समजुतीचे मूळ अंशतः परिभाषेत आहे. संस्कृत वैद्यकात ‘कुष्ठ’ हा शब्द त्वचारोगांच्या फार मोठ्या वर्गासाठी वापरला जाई व श्वित्र म्हणजे कोड याचे वर्णनही कुष्ठांच्याच प्रकरणात येत असे. एकदा पांढरी त्वचा म्हणजे कोड आणि कोड म्हणजे कुष्ठ असे समीकरण रूढ झाले, की ज्याला कोणताही संसर्ग नाही व जो कोणालाही संसर्ग देऊ शकत नाही, असा माणूस वाळीत पडतो.

आनुवंशिकतेचा उलगडा : मेंडेलचे नियम १९०० मध्ये पुन्हा उजेडात आल्यावर प्राण्यांत त्यांचा पडताळा पाहण्यासाठी निवडलेल्या पहिल्या गुणांत विवर्णता होती. फ्रेंच प्राणिविज्ञ ल्यूस्यँ केनो याने १९०२ मध्ये करड्या व पांढऱ्या उंदरांचे संकर करून पांढरेपणा हा अप्रभावी गुण असल्याचे दाखविले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत विल्यम कॅसल याने माणसाच्या बाबतीतही तसेच असल्याचे प्रतिपादन केले. अप्रभावी गुण प्रकट होण्यासाठी सदोष जीन आई व बाप या दोघांकडूनही यावा लागतो. ज्यांच्याजवळ अशी एकच प्रत असते ते वाहक होत. त्यांची त्वचा, केस व डोळे सर्वसामान्य असतात. दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्यास विवर्णता येण्याची शक्यता चारात एक असते. अंबालिकेच्या कथेला शास्त्राने दिलेले उत्तर हेच : वारसा दोन्ही घराण्यांचा असतो.

लंडनमधील वैद्य आर्चिबॉल्ड गॅरड (१८५७–१९३६) यांनी १९०८ मध्ये दिलेल्या क्रूनियन व्याख्यानांत विवर्णतेची गणना चयापचयाच्या जन्मजात दोषांत केली. शरीरातील रासायनिक विक्रियांची साखळी एखादे एंझाइम नसल्याने एका कडीपाशी तुटते, ही त्यांची मूळ कल्पना होती. लघवी काळी पडणाऱ्या अल्काप्टोनमेह या विकाराच्या अभ्यासात त्यांना रुग्णांचे आईबाप पुष्कळदा सख्खे चुलत, मामे किंवा आते भाऊबहीण असल्याचे आढळले होते. याच सुमारास कार्ल पिअर्सन, एडवर्ड नेटलशिप व चार्ल्स अशर यांनी मानवी विवर्णतेवर प्रचंड ग्रंथ (१९११–१३) सिद्ध केला. त्यात जगभरच्या वंशावळी गोळा केलेल्या आहेत. पिअर्सन यांचा मेंडेलवादास विरोध होता; तथापि त्यांनी जमविलेली सामग्री अखेर त्याच मताच्या उपयोगी पडली.

पुढे एक कोडे उभे राहिले. १९५२ मध्ये ट्रेव्हर-रोपर या इंग्रज नेत्रवैद्यांनी एका विवर्ण दांपत्याची मुले सर्वसामान्य वर्णाची असल्याचे वृत्त दिले. विवर्णता एकाच जीनमुळे होत असती, तर हे अशक्य होते. म्हणजेच आईतील दोष एका जीनमध्ये व वडिलांतील दुसऱ्यात होता आणि मुलांना प्रत्येक जीनची एक निर्दोष प्रत मिळाली होती. कार्ल विटकॉप यांनी १९६० नंतरच्या दशकात उपटलेल्या केसांची मुळे टायरोसीनाच्या विद्रावात ठेवून पाहण्याची साधी कसोटी वापरली : काहींची मुळे काळी पडत, काहींची पांढरीच राहत. टायरोसिनेज हे एंझाइम तयार करणारा जीन १९८७ मध्ये हाती आला. तो अकराव्या गुणसूत्रावर असून त्यातील दोषामुळे पहिल्या प्रकारची विवर्णता होते. आफ्रिकेत सर्वाधिक आढळणाऱ्या दुसऱ्या प्रकाराचा जीन पंधराव्या गुणसूत्रावर आहे. त्यानंतर आणखी अनेक प्रकार ओळखले गेले आहेत. केवळ डोळ्यांपुरत्या मर्यादित असलेल्या एका प्रकाराचा जीन क्ष-गुणसूत्रावर असल्याने तो मुख्यतः पुरुषांत आढळतो.

महाराष्ट्रातील विवाहपद्धती व विवर्णता : गॅरड यांच्या निरीक्षणाचा महाराष्ट्राशी निकटचा संबंध पोहोचतो. इरावती कर्वे (१९०५–७०) यांनी भारतातील आप्तसंबंधांवरील आपल्या १९५३ च्या ग्रंथात महाराष्ट्र हा उत्तरेकडील व दक्षिणेकडील पद्धतींमधील सीमाप्रदेश असल्याचे दाखविले. येथे अनेक जातींत मामाच्या मुलीशी विवाह संमत, किंबहुना इष्ट मानला जातो. आत्याच्या मुलीशी विवाह मात्र सहसा टाळला जातो. मुंबईतील बारा अंतर्विवाही समूहांत अशा निकट आप्तविवाहांचे प्रमाण किती, याची मोजणी ल. ध. संघवी व त्यांच्या सहकाऱ्यांनी करून ती १९५६ मध्ये प्रसिद्ध केली. या विवाहांचा परिणाम उदाहरणाने स्पष्ट होईल. एखाद्या सदोष जीनची समाजातील वारंवारता दोनशेत एक असेल, तर आप्तसंबंध नसलेल्या जोडप्यांच्या संततीत विवर्णता चाळीस हजारांत एक एवढी आढळेल. मामेबहिणीशी झालेल्या विवाहांत तीच सुमारे तीन हजारांत एक होईल, म्हणजे जवळजवळ तेरा पट. तरीही अशा शेकडो विवाहांतून एकही विवर्ण मूल जन्मास न येण्याचीच शक्यता अधिक असते, हे विसरता कामा नये.

आप्तविवाह न करताही हीच स्थिती उद्‌भवू शकते. समूह लहान असेल व विवाह त्याच्या आतच होत असतील, तर फार मागे एखाद्या पूर्वजात असलेला जीन अनेकांकडे पोहोचतो. कोलकात्याच्या संशोधकांनी २००५ मध्ये पूर्व भारतातील तिली या तेलाच्या व्यवसायातील समाजात पहिल्या प्रकारच्या विवर्णतेचे वाढलेले प्रमाण अशा एकाच आद्य फेरबदलामुळे असल्याचे सिद्ध केले. नाशिक जिल्ह्याच्या वायव्येकडील पेठ तालुक्यासारख्या डोंगराळ प्रदेशाचा विचार या दृष्टीने उद्‌बोधक ठरतो. १८७८ पर्यंत छोटे संस्थान असलेल्या या भागात कोकणा, महादेव कोळी व वारली या जमातींची वस्ती आहे. त्यांच्यात कुळाबाहेर पण जमातीच्या आतच विवाह करण्याची रीत असल्याने सख्ख्या आप्तांतील विवाहाला आळा बसतो. जमातीच्या पातळीवरचा अंतर्विवाह मात्र राहतोच. उत्तर महाराष्ट्राच्या आदिवासी पट्ट्यात आढळणारा सिकल सेल हा रक्तविकारही विवर्णतेप्रमाणेच अप्रभावी रीतीने, दोन वाहक मातापित्यांकडून येतो. तेथे मात्र वाहकांना हिवतापापासून काही संरक्षण मिळते व त्यामुळे तो जीन टिकून राहतो.

डोळे व ऊन : विवर्ण व्यक्तीची दृष्टी कमी असण्याचे कारण केवळ उजेडाची तिरीप, असे दीर्घकाळ मानले जात होते. प्रत्यक्षात गर्भावस्थेतच रंजकाच्या अभावी जालपटलाचा मध्यभाग पूर्ण विकसित होत नाही. शिवाय डोळ्यांकडून मेंदूकडे जाणारे तंतू सामान्यापेक्षा अधिक प्रमाणात विरुद्ध बाजूस वळतात. सयामी मांजरांत हा दोष १९७० च्या सुमारास रेनर गिलरी यांच्या अभ्यासातून स्पष्ट झाला व पुढील काही वर्षांत माणसांतही आढळला. त्यामुळे काळ्या चष्म्याने डोळ्यांना आराम मिळतो, पण दृष्टी पूर्ववत होत नाही. फळ्यावरचे अक्षर न दिसणारे मूल मंदबुद्धीचे ठरविले जाण्याचा धोका येथूनच निर्माण होतो. वस्तुतः बुद्धीवर या अवस्थेचा परिणाम होत नाही. त्याला पुढच्या बाकावर जागा, ठळक छापील अक्षर व भिंग एवढ्या साधनांनी शिक्षण घेता येते.

त्वचेचा प्रश्न अधिक गंभीर आहे. रंजकाची ढाल नसल्याने ऊन थेट आत पोहोचते, त्वचा भाजते, जाड होते व काही वर्षांनी कर्करोगाचा संभव निर्माण होतो. पेठकडील शेतकऱ्याचे वर्ष पाहिले तर हा धोका कोठे आहे ते कळते. नागली व भाताच्या रोपांसाठी भाजावयाचे राब एप्रिल-मे मध्ये, म्हणजे सूर्य सर्वांत तापदायक असतानाच, उघड्या उतारावर तयार करावे लागतात. पावसाळ्यात ढगांचे आच्छादन पुष्कळसे संरक्षण देते, पूर्णतः नव्हे. लांब बाह्यांचे कपडे, रुंद काठाची टोपी, भर दुपारचे काम टाळणे व त्वचेची नियमित तपासणी हे उपाय साधे आहेत. परंतु ज्याची मजुरी दिवसावर मोजली जाते, त्याला त्यांतील तिसरा सर्वांत महाग पडतो.

विवर्णता बरी करणारे औषध उपलब्ध नाही. गॅरड यांनी अभ्यासलेल्या अल्काप्टोनमेहात उपयोगी पडणारे निटिसिनोन हे औषध विवर्णतेच्या एका सौम्य प्रकारात थोड्या रुग्णांना देऊन पाहण्यात आले. त्यांच्या केसांत व त्वचेत रंजक किंचित वाढले, दृष्टीत मात्र सुधारणा झाली नाही.

पूर्व आफ्रिकेत, विशेषतः टांझानियात, २००० नंतरच्या दशकात विवर्ण व्यक्तींचे अवयव जादूटोण्यासाठी मिळविण्याच्या हेतूने हत्या झाल्याचे उघडकीस आले. त्याची दखल घेऊन संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १३ जून हा जागतिक विवर्णता जाणीव दिन म्हणून डिसेंबर २०१४ मध्ये घोषित केला. २०१५ मध्ये या विषयासाठी नेमलेल्या पहिल्या स्वतंत्र तज्ञ इक्पोन्वोसा इरो या नायजेरियन विधिज्ञ असून स्वतः विवर्ण आहेत.

भारतात १९९५ च्या व त्यानंतर २०१६ च्या दिव्यांगविषयक अधिनियमांत विवर्णतेचा स्वतंत्र उल्लेख नाही. २०१६ च्या अधिनियमाच्या अनुसूचीत सिकल सेल विकाराचे नाव आहे. विवर्ण व्यक्तीला मात्र अल्पदृष्टी या सदराखालीच अर्ज करावा लागतो. त्यासाठी चष्म्यासह अधिक चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/१८ वा त्याहून कमी असावी लागते, आणि आरक्षणासारख्या सवलतींसाठी दिव्यांगत्व किमान ४० टक्के असल्याचे प्रमाणपत्र हवे असते. दृष्टी या मर्यादेच्या थोडी वर असेल, तर त्वचेचा प्रश्न कितीही तीव्र असला तरी तो प्रमाणपत्रात कोठेच नोंदला जात नाही.